तीनदा पुकारलं, साहेब

आमच्या मामांना सगळं कोर्ट 'भोंगा' म्हणायचं, आणि मामांना त्याचा राग नव्हता, उलट अभिमान होता. त्यांचं काम पुकाऱ्याचं. आत न्यायाधीशांनी पुढचा दावा हातात घेतला की मामांनी दाराबाहेर जायचं आणि दोन्ही बाजूंच्या माणसांची नावं तीनदा पुकारायची. तीनदा पुकारूनही जो आत येत नाही तो गैरहजर, आणि गैरहजर माणसाचा दावा समोरच्याच्या बाजूनं निकाली निघतो. काम एवढंच. पण मामा ते अशा थाटात करायचे की जिन्याखालच्या टायपिस्टचं बोट भलत्याच अक्षरावर पडायचं, आणि आवारातल्या चहावाल्याला वर कुणाचा दावा चाललाय ते किटली न सोडता कळायचं.

घरात हा आवाज आम्हाला भोवायचा. मामी म्हणायची, ह्यांनी जेवताना मीठ मागितलं की शेजारीण मीठ घेऊन येते. माझी आई मी लहान असताना गेली, मी मामांकडंच वाढले, त्यामुळं परीक्षेतले माझे मार्क सगळ्या गल्लीला माझ्याआधी ठाऊक असायचे. चांगला माणूस. हे शब्द मी आत्ता दोनदा खोडले आणि परत लिहिले. काय करणार? मला त्यांनी पोटच्या पोरीसारखं वाढवलं, हेही खरंच आहे.

तर एकदा कोर्टाला मोठी सुट्टी लागली आणि त्या सुट्टीत एका सिनेमा कंपनीनं कोर्टाची इमारत भाड्यानं घेतली. सिनेमा एका तरुण वकिलाचा. वकील तत्त्वाचा, बाकी सगळे विकलेले. कारकून, समोरचा वकील, दस्तुरखुद्द न्यायाधीशसुद्धा. त्यात पुकारा करणाऱ्याचं एक काम होतं. त्यासाठी आणलेला नट दिसायला रुबाबदार, पण आवाज असा की उंदरानंही कान टवकारून ऐकावा. कुणीतरी दिग्दर्शकाला सांगितलं, इथं एक भोंगा आहे. मामा निवृत्तीला टेकले होते. त्यांना घरून बोलावून नेलं.

संध्याकाळी मामा यायचे ते सिनेमाच्या गप्पा घेऊनच. नायकाच्या कोटाला दिवसभर सुरकुती कशी पडत नाही, न्यायाधीश झालेला नट जेवणाच्या सुट्टीत खुर्चीवरच कसा घोरतो, सगळं सांगायचे. मामीनं दोनतीनदा विचारलं की तुमचं काम नेमकं काय? तर म्हणायचे, "पुकारायचं. दुसरं काय येतं मला?" आणि विषय बदलायचे. आमच्या मामांनी विषय बदलला तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं, कारण स्वतःबद्दलचा विषय त्यांनी आजवर कधी सोडला नव्हता.

आता टाकेकाकूंबद्दल सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत ही बाई शिवणकाम करायची. तिचं खरं नाव दारावर होतं, पण सगळे टाकेकाकूच म्हणायचे, फक्त मामा तिला वहिनी म्हणत. पूर्वी तिच्या नवऱ्याचं बाजारात स्वतःचं शिलाईचं दुकान होतं. जागामालकानं जागा सोडवून घ्यायला दावा लावला. निकालाच्या सुमाराला नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून कोर्टात तारखेला ही एकटी गेली. आदल्या रात्री गणवेशांचं काम संपवत जागली होती. बाकावर बसली, डोळा लागला, नाव पुकारलं तेव्हा उठली नाही आणि दुकान गेलं. ही हकीकत गल्लीत सगळ्यांना पाठ होती, कारण ती स्वतःच सांगायची. गिऱ्हाइकाला कपडा द्यायला उशीर झाला की म्हणायची, "थांबा हो, मी अख्खं दुकान झोपेत घालवलंय, तुमचं कापड काय घेऊन बसलात." लोक हसायचे. मीही हसलेय.

नवरा मात्र हसला नाही. तो पुढं काही वर्षं जगला आणि त्या वर्षांत तिच्याशी कामापुरतंच बोलला. मरताना पाणी मागितलं तेही मुलाकडं. मुलगा मोठा झाला, पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायला लागला. स्वभावानं वाईट नव्हता, पण बापाचं बोलणं त्याच्या जिभेवर आपसूक यायचं. आईनं एका हाकेला ओ दिली नाही की म्हणायचा, "झोपलीस का? आता घालवायला काही उरलं नाही म्हणा." आणि ती मान खाली घालून टाके घालत राहायची.

दुकान गेल्यावर स्वस्तातली खोली म्हणून ती आमच्या गल्लीत आली आणि तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं शिवण तिच्याकडं जायला लागलं. मामांचा तसा हुकूमच होता. आमच्याकडं पडदे इतक्यांदा बदलायचे की मामीच्या बहिणी तिला श्रीमंत समजायच्या. चांगले पडदे काढून नवे कशाला, असं मामी म्हणाली की मामा म्हणायचे, गरिबाला काम मिळतं तेवढंच. केवढं मोठं मन, असं आम्हाला वाटायचं.

सिनेमा लागला. मामीनं गल्लीतल्या सात-आठ घरांना सांगून टाकलं आणि सगळ्यांची तिकिटंही काढली. मामांना तेव्हाच पोटदुखी सुरू झाली. मग डोकं दुखायला लागलं, मग म्हणाले की आपलं काम कापलंसुद्धा असेल, उगाच हसं होईल. मामी ऐकेना. "आयुष्यभर लोकांना आत बोलावलंत, आज मी तुम्हाला बोलावतेय," म्हणाली आणि त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. टाकेकाकू मुलाला घेऊन आल्या होत्या. त्या माझ्या डाव्या हाताला बसल्या, मामा उजव्या हाताला, त्यांच्यापलीकडं मामी. कुठं बसावं याची मला त्या दिवशी अक्कल असती तर मी मधोमध बसले नसते.

मामा पडद्यावर आले तेव्हा आमच्या रांगेनं शिट्ट्या मारल्या. पहिला पुकारा त्यांनी असा दिला की पुढच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं. मामी इकडंतिकडं बघत हसत होती. मग ते दृश्य आलं.

सिनेमातली एक म्हातारी दाराबाहेर बाकावर बसलेली. आत तिचा दावा निघतो. मामा बाहेर येतात, पण पुरते येत नाहीत. जाड लाकडी दार पाठीमागं अर्धवट ओढून फटीत उभे राहतात, एका हातानं दार धरतात आणि तोंड दाराच्या फळीकडं वळवतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की शिपाई कडी तपासतोय. आणि मग पुकारतात. कॅमेरा आत जातो, तेव्हा आत म्हातारीचं नाव खणखणीत ऐकू येतं, न्यायाधीश मान डोलावतो. कॅमेरा बाहेर येतो, तेव्हा बाहेर नुसती वर्दळ, कुणाच्या तरी चपला, एक खोकला. म्हातारी बाकावर टक्क जागी, दाराकडं डोळे लावून बसलेली. तीनदा पुकारून मामा आत जातात आणि म्हणतात, "तीनदा पुकारलं, साहेब. बाहेर कुणी नाही."

सगळं थिएटर चुकचुकलं. आमच्या रांगेतून कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "काय बेरकी काम केलंय बघा भोंग्यानं." मी उजवीकडं वळून मामांना कोपर मारणार होते. मामा पडद्याकडं बघतच नव्हते. ते मला ओलांडून टाकेकाकूंकडं बघत होते. मी डावीकडं वळले. टाकेकाकूंनी मांडीवरच्या पिशवीचे बंद दोन्ही मुठींत धरले होते आणि तोंड थोडं उघडं होतं, कुणीतरी मध्येच बोलणं तोडल्यासारखं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या अंधारात बघितलं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी सगळं कळलं. पडदे कळले.

पुढचा सिनेमा मला धड आठवत नाही. नायकानं शेवटी मोठं भाषण केलं, पुकारेवाला पिंजऱ्यात उभा राहून ढसाढसा रडला, म्हातारीला तिचं घर मिळालं, सगळं दहा मिनिटांत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रडताना मामांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते म्हणे. बाहेर आल्यावर गल्लीतल्या लोकांनी त्यांना गराडा घातला, रडलात काय छान, खरे वाटलात अगदी. टाकेकाकूंचा मुलगा तर त्यांचा हात सोडेना. मामा प्रत्येकाला "हो, हो" म्हणत होते आणि त्यांचा आवाज त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मलाही नीट ऐकू येत नव्हता. टाकेकाकू पायाला मुंग्या आल्या म्हणून पायरीवर बसून होत्या.

घरी आल्यावर मामी एकच वाक्य बोलली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," म्हणाली आणि कपडेसुद्धा न बदलता भिंतीकडं तोंड करून निजली.

मामांनी मला सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, मान वर न करता. ते तेव्हा कोर्टात हंगामी होते. कायम व्हायची यादी हेडक्लार्कच्या हातात. जागामालकाचा माणूस हेडक्लार्कच्या ओळखीतला. हेडक्लार्क एवढंच म्हणाला की आज एका बाईचं नाव जरा हळू पुकार, आणि दार कसं धरायचं तेही त्यानंच दाखवलं. मामांनी पुकारलं. महिन्याभरात ते कायम झाले. कायम झाले म्हणून हे घर झालं, आणि ह्या घरात मी शिकले. नंतरही दोनचारदा सांगितलं गेलं आणि दोनचारदा केलं. एकदा हात काळे झाले की धुवायचा कंटाळा येतो.

"तिनं कुणाला विचारलं नाही?" मी म्हटलं.

विचारलं होतं. एक नवा, तरुण वकील तिला भेटला होता. खरोखरच तत्त्वाचा, फी न घेणारा, कोट मात्र चुरगळलेला. त्यानं अर्ज केला की बाई हजर होती, तिला पुकारा ऐकू आला नाही, दावा पुन्हा उघडावा. न्यायाधीशांनी मामांना समोर बोलावून विचारलं. मामा म्हणाले, तीनदा पुकारलं, साहेब. त्यावर अख्खं कोर्ट हसलं. भोंग्याचा आवाज ऐकू आला नाही? तो तर रस्त्यापलीकडं ऐकू जातो. वकील बाईला मामा उभे होते त्या दाराजवळ, व्हरांड्यात घेऊन गेला आणि म्हणाला, ताई, मला तरी खरं सांगा, झोप लागली होती ना? ती रात्रभर जागलेली बाई. तिला स्वतःलाच शंका आली. म्हणाली, असेल, लागली असेल. त्या दिवसापासून तिनं ते खरंच मानलं.

"आणि शूटिंगमध्ये कशाला करून दाखवलंत?" मी चिडून विचारलं. त्यांनी सगळं कबूल केलं तरी एवढं मला कळत नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला होता की तुम्ही नेहमीसारखं पुकारा, आवाज आम्ही नंतर यंत्रावर कमी करू. मामा म्हणाले, कमी करायची गरज नाही, आणि दार ओढून फटीत उभे राहिले. एका झटक्यात दृश्य झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "बरं वाटलं गं," मामा म्हणाले. "तेवढ्यापुरतं बरं वाटलं." मला त्यांची इतकी लाज वाटली की मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथं मामी होती. तिच्याही तोंडाकडं मला बघवेना.

दुपारी टाकेकाकू आल्या. हातात काही काम नव्हतं. ह्या घरात त्या रिकाम्या हातानं पहिल्यांदाच आल्या असतील. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"भाऊजी, एकच विचारते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी झोपले होते का?"

मामांनी खुर्चीचा हात धरला. "नाही, वहिनी."

"जागी होते?"

"जाग्या होतात. दाराकडं बघत होतात. त्याआधी तुम्ही मला विचारलंत की माझं नाव आलं का, आणि मी म्हणालो, वेळ आहे, बसा."

मला वाटलं टाकेकाकू शिव्या देतील, आणि द्यायलाच हव्या होत्या. पण त्या घटकेला त्यांना दुकान आठवत नव्हतं, जागामालक आठवत नव्हता. त्या म्हणाल्या, "हे माझ्या मुलाला सांगा. मी सांगितलं तर त्याला पटणार नाही. आत्ता चला." मामा पायात चपला सरकवत होते तेव्हा मामीनं मला दाराकडं ढकललं. "तू जा बरोबर. हे वाटेतच कुठंतरी वळतील."

मुलगा जमिनीवर पंख्याची मोटार उघडून बसला होता. मामांना बघून खूश झाला. मामांनी उभ्याउभ्याच सांगितलं, सगळं, हेडक्लार्कसकट. मुलगा आधी ऐकत होता, मग हसायला लागला.

"काका, सिनेमा अंगात शिरलाय तुमच्या," तो म्हणाला. "काल रडलात तेही असंच. आईला बरं वाटावं म्हणून सांगताय, कळतंय मला. पण तुमचा आवाज? तुम्ही घरी शिंकलात तर मी इथं बसून ओळखतो."

मामांनी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा हसला. मामांनी आयुष्यभर खोटं जपलं ते ज्या आवाजाच्या जिवावर, तोच आता खऱ्याच्या आडवा येत होता. आईकडं बघून मुलगा म्हणाला, "तूही काय, सिनेमा बघून लगेच जागी झालीस होय?" टाकेकाकूंचा चेहरा असा पडला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मामांवर विश्वास ठेवा असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

तेव्हा मामांनी जे केलं ते त्यांनी स्वतःहून केलं, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाहेर पायरीवर बसा. माझ्याकडं बघत बसा."

टाकेकाकू बाहेर गेल्या. पायरी दारापासून दोन हातांवर होती. मामा दारात गेले, दाराची फळी पाठीमागं अर्धी ओढली, फटीत उभे राहिले आणि तोंड लाकडाकडं वळवलं. बाहेरून एक फेरीवाला ओरडत चालला होता. त्याचा आवाज चढेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी टाकेकाकूंचं नाव घेतलं, दारावर लिहिलेलं पुरं नाव, नवऱ्याच्या नावासकट. खोलीत ते असं घुमलं की फळीवरचे डबे वाजले. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. मुलाच्या हातातला पेचकस तसाच हातात राहिला.

तो उठला, मामांना बाजूला सारून त्यानं दार उघडलं. मी त्याच्या मागं होते. टाकेकाकू पायरीवर ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, डोळे दारावर. परीक्षेला बसलेल्या पोरीसारख्या. पापणीसुद्धा लवत नव्हती.

"काय रे, सुरू करायचंय ना?" त्या म्हणाल्या. "मी अगदी कान देऊन बसलेय."

मुलगा खाली बसला, आईच्या पायरीच्या खालच्या पायरीवर, तिच्याकडं पाठ करून. त्या त्याच्या पाठीकडं बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांना समजलं.

"म्हणजे पुकारलं," त्या म्हणाल्या.

मामा फटीतच उभे होते, हात अजून दारावर. त्यांना कुणी या म्हणत नव्हतं आणि कुणी जा म्हणत नव्हतं. मी त्यांची भाची, त्यांच्या मिठावर वाढलेली, त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले नाही.

टाकेकाकूंनी पदरानं तोंड पुसलं. "मी जागी होते," त्या म्हणाल्या. मुलाला नाही, मलाही नाही. "हे तर गेले. ह्यांना आता कोण सांगणार?" आणि त्या मामांकडं बघत राहिल्या, जणू तेही पुकारायचं काम मामांचंच होतं.